उस्तादांचा उलटा हात

शिरड शहापूरच्या फाट्यावर, रसवंतीच्या पलीकडं, गेल्या माघात एक पत्र्याचं दुकान उभं राहिलं. वर निळ्या रंगाची पाटी लागली. 'पुजा इलेक्ट्रिकल्स, विद्युत ठेकेदार, परवाना क्रमांक' आणि त्याच्या पुढं कोरी जागा. पेंटर म्हणाला होता, नंबर सांगा, आत्ताच लिहून टाकतो. प्रेमदास आडे म्हणाला, नंबर येऊन राहिला, तू जागा सोडून ठेव. पेंटरनं जागा सोडली आणि त्या दिवसापासून प्रेमदासची झोप उडाली. येणारा-जाणारा पाटी वाचायचा, कोऱ्या जागेपाशी अडखळायचा आणि खाली बसलेल्या प्रेमदासकडं बघायचा.

प्रेमदास आमच्या भागातला वायरमन. फाट्यापासून आत, माळाच्या कुशीत त्याचा तांडा आहे. अंगानं शिडशिडीत, बोलायला कमी. खांबावर चढला की खालच्या माणसाला वाटावं, हा वर जन्मला आणि काही कामासाठी खाली येतो. त्याची लेक पुजा हिंगोलीच्या तंत्रनिकेतनात विजेचं शिकली आणि पर्यवेक्षकाचा परवाना घेऊन आली. आता तिला स्वतःच्या नावानं ठेकेदारी घ्यायची होती. दुकान तिचं होतं, पाटी तिची होती आणि अर्जही तिचाच होता.

अर्जात एक गोष्ट अडली होती. ठेकेदाराला आपल्या नावाखाली परवानाधारक वायरमन दाखवावा लागतो, आणि एक वायरमन एकाच ठेकेदाराकडं दाखवता येतो. आमच्याकडं याला 'परवाना लावणं' म्हणतात. अमक्याचा परवाना कुठं लावलाय, असं सोयरिकीसारखं विचारतात. परवान्याची तरुण पोरं पुण्याला निघून गेलेली, उरलेली मोठ्या ठेकेदारांनी धरून ठेवलेली. पुजाच्या घरातच एक वायरमन होता, तिचा बाप. पण त्याचा परवाना हिंगोलीच्या तातेरावांकडं लावलेला होता, आणि तो आजचा नव्हता, पुजाच्या जन्माच्या आधीपासूनचा होता.

तातेरावांचं आणि प्रेमदासचं काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

प्रेमदासचं लग्न नुकतं झालं होतं तेव्हाची गोष्ट. तांड्यावर पहिल्यांदा लाईन ओढायला तातेराव आले होते. दसऱ्यानंतर तांडा ऊस तोडायला निघायचा. मुकादमाची गाडी आलेली, बिऱ्हाडं बांधलेली. प्रेमदासची बायको रुख्मिणीबाई भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन उभी होती. आदल्या आठवड्यात प्रेमदासनं तातेरावांना खांब उभे करायला हातभार लावला होता. तातेरावांनी गाडीपाशी येऊन एवढंच विचारलं, की कोयता धरणार का पकड? प्रेमदासनं बायकोकडं पाहिलं. तिनं गाठोडं खाली ठेवलं. गाडी त्यांच्यावाचून गेली.

त्यानंतर त्या घरातलं कोणी ऊसतोडीला गेलं नाही. तांड्यातली लेकरं दिवाळी झाली की शाळेतून गळायची, पुजा गळाली नाही. प्रेमदासला वायरमनच्या परीक्षेला तातेरावांनीच बसवलं. स्वतः सोबत गेले, बाहेर झाडाखाली दिवसभर बसून राहिले. प्रेमदास त्यांना उस्ताद म्हणतो. आमच्याकडं हा शब्द निजामाच्या काळापासून राहिलेला आहे, आणि तो कुणालाही लावत नाहीत.

उस्तादांची एक रीत होती. काम पुरं झालं, करंट सोडला, की ते चप्पल बाजूला काढायचे. अनवाणी पायानं जमिनीवर उभे राहायचे आणि मोटारीच्या अंगाला उलटा हात लावायचे. तळहात नाही, हाताची पाठ. तळहाताला करंट लागला तर मूठ वळते आणि चिकटते. पाठीला लागला तर हात आपल्याकडं ओढला जातो, सुटतो. मग म्हणायचे, "बराबर." हा शब्द आला की शेतकरी निर्धास्त व्हायचा. मीटर त्यांच्या पिशवीत असायचं, ते कागदावर आकडा लिहिण्यापुरतं. कागदावर सही आपली असेल तर पहिला हातही आपलाच लागला पाहिजे, दुसऱ्याच्या लेकराचा नाही, असं ते मानायचे. प्रेमदासलाही त्यांनी कधी पहिला हात लावू दिला नाही.

पुजाला ही रीत पटत नव्हती. एकदा ती म्हणाली, "काका, तुमी मोटारीची टेस्टिंग करून राहिले का तिच्या पाया पडून राहिले?" तातेराव हसले. म्हणाले, तुझ्या मीटरला कातडी कुठं हाय पोरी.

तर असा हा माणूस. आणि त्याच्याकडून प्रेमदासला आपला परवाना मागून घ्यायचा होता. 'प्रेमदास आडे यांस कामातून मोकळं केलं आहे' असं दोन ओळींचं पत्र. पाडव्यानंतर कार्यालयाचा माणूस दुकान आणि अवजारं बघायला येणार होता, त्याच्या आधी ते पत्र हातात हवं होतं. आणि तातेरावांच्या स्वतःच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच उन्हाळ्यात होतं. प्रेमदास गेला की त्यांच्याकडं दाखवायला वायरमन उरत नव्हता. म्हणजे पुजाचा नंबर पाटीवर चढायचा तर उस्तादांचा नंबर पुसायचा. हे सांगायला प्रेमदासची जीभ उचलत नव्हती.

तो हिंगोलीला जायचा. बाजार समितीच्या मागच्या गल्लीत तातेरावांचं घर. दारात चप्पल काढायची, आत गार फरशीवर बसायचं. तातेरावांच्या घरधनीण आशाबाई चहा आणायच्या. घर असं सोवळ्यातलं, की पाहुण्याचं लेकरूसुद्धा चप्पल घालून उंबरा ओलांडायचं नाही. प्रेमदास पत्राचा विषय मनात घोळवायचा, तोंडून मात्र हळदीचा भाव निघायचा, नाहीतर बेअरिंगचा. पुढच्या खेपेला ठरवून गेला, की चहा येण्याच्या आत बोलायचं. तर तातेरावांनीच आधी नूतनीकरणाचं काढलं. फी भरलीय, फोटो काढलाय, औंदा बहुतेक शेवटचंच, असं म्हणाले आणि विड्याचं पान लावत बसले. प्रेमदास चहा पिऊन उठला.

त्या खेपेला त्यानं एक गोष्ट बघितली, पण बघून सोडून दिली. खिडकीत जुना लोखंडी कूलर होता. आशाबाई त्यात पाणी भरायला उठल्या, आणि आधी दाराबाहेर जाऊन निळ्या रबरी चपला पायात घालून आल्या. घरात, गार फरशीवर, चपला. प्रेमदास थट्टेनं म्हणाला, की वैनी, कूलरच्या गावाला निघाल्या का? आशाबाई हसून म्हणाल्या, "फरशी वली असती भाऊ, पाय सरकतो." विषय संपला.

घरी पुजा वाटच बघत असायची. बापाचा चेहरा बघून ती विचारायचीही नाही. रुख्मिणीबाई मात्र म्हणायची, की उस्तादांनी आपल्याला जगवलं आणि आपण त्यांच्या पोटावर पाय देऊन राहिलो. मग दुसऱ्या घासाला तीच म्हणायची, पण पोरीनं काय करावं? दोन्ही खरंच होतं. प्रेमदास भाकरी मोडून ताटात तशीच ठेवायचा.

पाडवा झाला. हळदीची धांदल शिगेला होती. शिजवलेली, वाळवलेली हळद पॉलिशच्या ढोलात फिरायला लागली की आमचा सगळा मुलूख पिवळा होतो, माणसांच्या भुवयासुद्धा. हट्ट्याला बालाजी म्हणून एका शेतकऱ्यानं नवा ढोल बसवला होता. मोटारीचं काम प्रेमदासनं आणि तिथल्याच एका मदतनीसानं केलं. तपासायला आणि सही करायला तातेराव हिंगोलीहून आले.

खळ्यावर बायका हळद पाखडत होत्या. ढोलात शेवटी पाणी शिंपडतात, त्यानं भोवतालची जमीन ओली झाली होती आणि बायका त्या ओल्यात अनवाणी वावरत होत्या. करंट सोडला. तातेरावांनी चप्पल काढली. उलटा हात मोटारीला लावला, जरा वेळ ठेवला. म्हणाले, "बराबर."

बालाजीनं त्यांना गुळाचा चहा दिला. चहा होईपर्यंत प्रेमदास अवजारं गोळा करत होता. पाना मोटारीखाली सरकला होता, तो काढायला वाकला आणि त्याचं कोपर मोटारीला लागलं.

झिणझिण. मुंग्यांची एक रांग कोपरापासून खांद्यापर्यंत सरसरत गेली.

प्रेमदासचा आधी स्वतःवरच विश्वास बसला नाही. मग बोटाची पाठ अलगद टेकवली. पुन्हा तेच. जोरदार नव्हतं, पण होतं. आणि पायाखालची जमीन आणखी ओली झाली असती तर ते वाढलं असतं. त्यानं तातेरावांकडं पाहिलं. ते कपाला हात वेढून बसले होते. कप उकळता होता, बालाजीनं स्वतः तो धोतराच्या सोग्यात धरून आणला होता. तातेरावांनी तो उघड्या हातात धरला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

तातेरावांना साखरेचा आजार आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पायाला जखम झाली तर कळत नाही, असं आशाबाई म्हणायच्या. हाताचं कोणी बोललं नव्हतं.

प्रेमदासनं उस्तादांना वसमतच्या गाडीत बसवून दिलं आणि परत खळ्यावर आला. बालाजीला म्हणाला, पट्टा जरा वाकडा फिरून राहिला, ढोल थांबवा. पेटी उघडली. अर्थिंगची तार क्लँपखाली नुसती टेकलेली होती, आवळलेली नव्हती, आणि मोटारीच्या तोंडाशी एका वायरीचं कातडं सोललेलं होतं. चूक मदतनीसाची होती, आणि त्याच्या कामाकडं डोळेझाक करणाऱ्या प्रेमदासची. ती उस्तादांच्या हाताला सापडायला हवी होती. आजवर सापडत आली होती, म्हणूनच प्रेमदास कधी कधी डोळे मिटत होता. त्यानं सगळं नव्यानं बांधलं, कोपर लावून पाहिलं, मीटर लावून पाहिलं. बायकांना हसू आलं, की हा माणूस मोटारीला कोपरानं काहून ढोसून राहिला.

संध्याकाळी त्यानं पुजाला सांगितलं. पुजानं हातातलं मीटर खाली ठेवलं. मग म्हणाली, "बापू, आता तर बोलावंच लागंल."

"आता कसं बोलू? हाताचं बोललो आन् मग पत्र मागितलं, तर त्याला काय म्हणतेत?"

पुजालाही कळलं होतं. काल मागितलं असतं तर ती विनवणी झाली असती. आज मागितलं तर ती धमकी होणार होती. आणि न बोलावं, तर उस्ताद उद्या आणखी कुठं तरी चप्पल काढून उभे राहणार होते आणि 'बराबर' म्हणणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऊन तापलं. प्रेमदास ओट्यावर बसला होता. रुख्मिणीबाई शेणाच्या सड्यावरून पाणी आणायला निघाली, भुई तापली होती म्हणून दारातल्या चपला तिनं पायात सरकवल्या. प्रेमदास त्या चपलांकडं बघत राहिला. मग एकदम उठला.

वैनी घरात चपला घालतात. फक्त कूलरपाशी.

त्यानं तातेरावांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुपारच्या जेवणानंतर ते फोन उशाला ठेवून झोपतात आणि आशाबाई त्यांच्या फोनला हात लावत नाहीत. अजून जेवणाची वेळही झाली नव्हती, तरी कोणी उचलेना. पुजा म्हणाली मीही येते, पण तिच्यासाठी थांबायला त्याला धीर नव्हता. त्यानं मोटरसायकल काढली.

औंढ्यापर्यंत त्याला रस्ता दिसला नाही. दिसत होता तो कूलर. तो कूलर कुणी दुरुस्त केला होता? पाडव्याच्या आधी उस्तादांनी स्वतःच. नवी वायर टाकली, उलटा हात लावला असेल, बराबर म्हणाले असतील. आणि त्या घरात त्यांच्या हातानंतर कोण विचारणार होतं? औंढ्याच्या चढावर त्यानं पुन्हा गाडी थांबवून फोन लावला. वाजत राहिला. पुढं एका ट्रॅक्टरमागं हळदीच्या पोत्यांची धूळ खात तो बराच वेळ अडकला. त्याला वाटलं, आपण तीन-तीन खेपा त्या फरशीवर बसलो, चहा प्यायलो, आणि समोर चपला दिसल्या तरी आपल्या परवान्याचाच विचार करत राहिलो.

तो गल्लीत शिरला तेव्हा दार उघडं होतं. दारात निळ्या रबरी चपला धुऊन, उन्हात उभ्या करून वाळत ठेवल्या होत्या.

आतून बादलीचा आवाज आला. प्रेमदासनं हाक मारली नाही. हाक मारली असती तर आशाबाई वळल्या असत्या, आणि वळताना आधाराला हात कुठं टेकला असता कोण जाणे. तो पायातल्या बुटांसकट उंबरा ओलांडून आत गेला, त्यांना वळसा घालून भिंतीपाशी पोचला आणि कूलरची पिन उपसून काढली. पंखा फिरता फिरता मंदावला.

आशाबाई बादली हातात घेऊन ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या बुटांकडं पाहिलं.

"भाऊ, घरात बूट? येडे झाले का?"

प्रेमदासला दम लागला होता. तो बुटांसकट तिथंच खाली बसला.

तातेराव आतल्या खोलीतून उठून आले. काय झालं ते विचारलं. प्रेमदासनं बूट काढले, बाहेर नेऊन ठेवले, परत आला. तेवढ्या वेळात शब्द जुळवता येतील असं त्याला वाटलं होतं. जुळले नाहीत. मग त्यानं खिशातला टेस्टर काढला, पिन पुन्हा लावली आणि टेस्टर कूलरच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला तांबडा दिवा लागला.

तातेरावांनी तो दिवा पाहिला. पुढं झाले, उलटा हात पत्र्याला लावला. कोरड्या जागेवर उभे होते, म्हणून प्रेमदासनं अडवलं नाही, पण पिनेवरचा हात काढला नाही. तातेरावांनी हात तसाच ठेवला. दिवा लागलेलाच होता.

"काहीच न्हाई," ते म्हणाले. प्रेमदासला नाही, स्वतःलाच.

प्रेमदासनं पिन काढली.

आशाबाई हळूच म्हणाल्या, "मला लागतंय जी. पाडव्याच्या आधीपासून. तुमी हात लावून बराबर म्हणले होते, मंग मला वाटलं माझ्याच अंगात काय तरी झालं."

बादलीतलं पाणी हलायचं थांबलं. तातेराव आपला हात उलटासुलटा करून बघत होते, जसं बाजारात कोणी ओळख नसलेला माल बघतं.

मग त्यांनी विचारलं, "हट्ट्याला तू मागं काहून थांबला होता?"

"अर्थिंगची तार ढिली होती."

"माझ्या हातानंतर?"

"व्हय उस्ताद."

तातेराव कोनाड्याकडं गेले. त्यांच्या नावाचा छापील कागद काढला, पेन शोधलं. प्रेमदास उठून उभा राहिला. म्हणाला, त्यासाठी आलो न्हाई. तातेराव म्हणाले, "मला ठाऊक हाय. इतक्यांदा आला, भाव सांगून गेला. म्या बी तुला बोलू दिलं न्हाई. नूतनीकरणाचं म्या मुद्दाम काढलं होतं." पेन त्यांच्या बोटांत नीट बसत नव्हतं. बोटांना ते लागतच नव्हतं, डोळ्यांनी बघून धरावं लागत होतं. प्रेमदासला आता आठवलं, की गेले काही महिने ते सही करताना असेच खाली वाकायचे. त्याला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला.

पत्र देताना त्यांनी ते लगेच सोडलं नाही. म्हणाले, "दिवाळीपासून बधिर हाय. तवापासून जिथं जिथं म्या हात लावला, तिथं तिथं पोरीचं मीटर लाव. तेवढं झाल्याबिगर मला झोप लागणार न्हाई."

प्रेमदास हो म्हणाला. ते जागरण त्या घरातून त्याच्या घरी कधीच येऊन बसलं होतं.

कार्यालयाचा माणूस आला, दुकान आणि अवजारं बघून गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुजा आणि प्रेमदास निघाले, आणि तातेरावही सोबत. ज्या कामांचे कागद झाले होते ती ठिकाणं सापडायला अवघड नव्हती. कुठं विहिरीवरची मोटार, कुठं पिठाची गिरणी, कुठं शाळेच्या मागची टाकी. पुजा मीटर लावायची, आकडा मोठ्यानं सांगायची. बहुतेक ठिकाणी काम चोख होतं. काही ठिकाणी नव्हतं. तिथं प्रेमदास मुकाट्यानं पेटी उघडायचा आणि तातेराव मालकाला स्वतः सांगायचे, की हे माझ्या हातून राहिलं होतं. कोणी रागावलं, कोणी उलट चहा पाजला. एका गिरणीवर त्यांनी सवयीनं चप्पल काढली. पुजानं त्यांचं मनगट धरलं. "काका, हात मागं." त्यांनी चप्पल पुन्हा घातली.

पण उस्तादांनी बिनकागदाचीही कामं केली होती, मुरवतीखातर केलेली. जाता येता कुणी थांबवलं, मोटार बघा म्हणालं, बघितली, बराबर म्हणाले, पुढं गेले. ती त्यांना पाहुणचारावरून आठवायची. अमक्या गावात ताक दिलं होतं, तमक्या शेतातल्या आखाड्यावर हुरडा होता. असं करत करत सगळी जुळली, एक सोडून. हुरड्याच्या दिवसांत कुठं तरी एका बाईनं त्यांना बोरं दिली होती, ओंजळभर, मोटार बघितल्याबद्दल. बोरं आठवतात, बाईचा हिरवा पदर आठवतो, गाव आठवत नाही.

जेठात पुजाचा परवाना आला. पेंटरनं कोऱ्या जागेत नंबर लिहिला. रुख्मिणीबाईनं पाटीला हार घातला, तांड्यातल्या बायका येऊन गेल्या, पेढे वाटले. तातेरावांचं नूतनीकरण झालं नाही. त्यांनी भरलेली फी परत मागितली नाही आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता ते बाजाराच्या दिवशी हिंगोलीहून येतात आणि त्या पाटीखाली खुर्ची टाकून बसतात. कोणी शेतकरी दुकानात आला, की त्याला आधी पाणी देतात आणि मग विचारतात, की हिवाळ्यात तुमच्या मोटारीला एक म्हातारा चप्पल काढून हात लावून गेला होता का? तुमच्या बांधाला बोर हाय का? माणसं हसतात. म्हणतात, बोरं तर समद्यांच्याच बांधाला हायेत आबा.

प्रेमदास हसत नाही. आभाळ भरून येऊन राहिलंय आणि जमीन ओली व्हायला आता फार दिवस नाहीत. तो कामाला निघाला की रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक मोटारीपाशी गाडी हळू करतो आणि बांधावर बोराचं झाड शोधतो.